संगणक बदलला म्हणजे हिशेबाचे सॉफ्टवेअर का बिघडते?



मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी धान्यबाजारासंबंधी काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची मला सूचना होती. परंतु भावांची चढउतार, साठवणूक, कीड आणि ओल या विषयांवर माझ्याहून अधिकारी माणसांनी आजवर पुष्कळ लिहिले आहे. मी या खेपेस वेगळाच विषय मागून घेतला. ज्या विषयाने काही वर्षांपूर्वी आमच्या पेढीस पाच आठवडे सुखाची झोप लागू दिली नाही, तो हा विषय होय. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. संगणकशास्त्राशी माझा संबंध केवळ गिऱ्हाइकाचा. जे जाणत्यांकडून समजून घेतले आणि पदरमोड करून पडताळून पाहिले, तेवढेच येथे मांडीत आहे.

निमित्तही ताजे आहे. विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मिळणारा मायक्रोसॉफ्ट कंपनीचा सर्वसाधारण पाठिंबा २०२५ सालच्या १४ ऑक्टोबरला संपला. त्यामुळे गोडादरा, डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतील आपल्या अनेक सभासदांनी दुकानातील संगणक बदलले, किंवा बदलण्याच्या विचारात आहेत. यापूर्वी एक्सपीच्या बाबतीत हेच ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज ७ च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० रोजी घडले होते. दर वेळी एकच तक्रार ऐकू येते: "दहा वर्षे बिनबोभाट चाललेले सॉफ्टवेअर नव्या संगणकाने बिघडविले." ही तक्रार अर्धीच खरी आहे, आणि उरलेले अर्धे न कळल्यामुळे मनुष्य भलत्यावरच संशय घेतो. मी तो घेतला होता.

हकीकत २०१९ सालच्या मार्च महिन्यातील आहे. आमचे बिल करण्याचे सॉफ्टवेअर २००८ साली एका होतकरू तरुणाने खास आमच्याकरिता तयार करून दिले होते. पोत्यांची संख्या, काट्यावरचे एकूण वजन, बारदानाची वजावट आणि भाव एवढे भरले की बिल तयार होई आणि साठ्याच्या वहीत तितका माल आपोआप खर्ची पडे. तेव्हा आमच्याकडे तीन संगणक होते. पेढीवर जुना एक्सपीचा, गोदामात विंडोज ७ चा आणि दुकानात नुकताच घेतलेला विंडोज १० चा. सॉफ्टवेअर तिन्हींवर एकच, अक्षरशः एकाच पेन ड्राइव्हवरून उतरविलेले. वर्षअखेरीस गोदामातील तूरडाळीची मोजदाद केली तेव्हा वहीतल्यापेक्षा चार क्विंटलांहून थोडी अधिक डाळ कमी भरली. उंदीर, सांडलवंड, ओल वाळल्याने येणारी घट या सर्वांचा हिशेब धरूनही एवढी तूट पटण्यासारखी नव्हती.

गोदामावरची बिले आमचे मुनीमजी करीत. पेढीवर त्यांची सत्तावीस वर्षे झालेली. आम्ही त्या महिन्याची बिले काढली आणि खात्रीकरिता तीच पेढीवरील जुन्या संगणकावर पुन्हा भरून पाहिली. सात बिलांत फरक निघाला. पेढीवरचा संगणक ज्या मालाचे निव्वळ वजन पन्नास क्विंटल दाखवी, त्याच मालाचे गोदामातील छापील बिल एकोणपन्नास क्विंटल बेचाळीस किलोचे होते. तोच माल, तेच आकडे, तेच सॉफ्टवेअर. मग दोन उत्तरे कशी? एकच समजूत उरली, आणि ती कोणती हे मला लिहावयास नको. मी मुनीमजींना उघड काही बोललो नाही. परंतु गोदामाच्या किल्ल्या चिरंजीवांकडे ठेवण्यास सांगितले. न बोलता जे बोलावयाचे ते त्यात सर्व आले. दुसऱ्या दिवसापासून मुनीमजी प्रकृतीच्या कारणाने रजेवर गेले.

इकडे दुकानातील विंडोज १० च्या संगणकावर निराळाच तमाशा चालला होता. तेथे सॉफ्टवेअर मधूनच बिल करता करता नाहीसे होई. ना सूचना, ना निरोप, पडदा मोकळा. हा गोंधळ आणि गोदामातील तूट यांचा परस्परांशी काही संबंध असेल, हे आमच्या स्वप्नातही आले नाही. संबंध होता, दोन्हींचे मूळ एकच होते. ते समजण्याकरिता प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे.

संगणक ही एक मोठी वखार आहे, असे समजा. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे त्या वखारीचा मालक, आणि बिलाचे सॉफ्टवेअर, पत्रे लिहिण्याचे सॉफ्टवेअर, चित्रे पाहण्याचे सॉफ्टवेअर ही सर्व त्याची कुळे. जागा तो देतो, छपाईचे यंत्र तो राखतो, कोणत्या कुळाने कोठपर्यंत जावयाचे हे तोच ठरवितो. कूळ आपल्या हाताने यंत्राला शिवत नाही. जे हवे ते वखारवाल्याकडे मागते. मागण्याची रीत ठरलेली असते आणि ती रीत नवा वखारवालाही बहुधा पाळतो. परंतु रिवाज आणि करार यांत भेद आहे, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगावयास नको. जुना वखारवाला सकाळी आठच्या आधीच दार उघडीत असे. करारात मात्र नऊ लिहिलेले. एखादा भाडेकरू आठवर विसंबून राहिला आणि नव्या मालकाने नऊला दार उघडले, तर मोडला तो रिवाज. करार जसाच्या तसा आहे. सॉफ्टवेअर लिहिणारा पुष्कळदा नकळत अशा रिवाजावर विसंबतो, आणि त्याच्या स्वतःच्या संगणकावर सर्व सुरळीत चालल्यामुळे चूक त्याला दिसतच नाही.

आता आमच्या बिलातील चूक सांगतो. आपण काट्यावर माल तोलण्यापूर्वी धडा करतो. रिकामे भांडे पारड्यात ठेवून काटा शून्यावर आणल्याशिवाय तोललेल्या वजनावर कोणी शहाणा व्यापारी भरवसा ठेवणार नाही. सॉफ्टवेअरमध्येही प्रत्येक आकड्याकरिता स्मृतीत एक जागा नेमलेली असते, आणि ती वापरण्यापूर्वी तेथे शून्य मांडणे हे लिहिणाऱ्याचे काम असते. आमच्या बिलात बारदानाच्या वजावटीची जागा होती. तागाच्या पोत्यांतला माल असला म्हणजे तेथे आकडा भरला जाई: पन्नास किलोच्या एका पोत्याचे सुमारे पाचशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे शंभर पोत्यांचे अठ्ठावन्न किलो. प्लास्टिकच्या पिशव्यांत निव्वळ वजनाने भरून आलेला माल असला की मुनीमजी ती जागा रिकामी सोडीत. रिकामी सोडली तर शून्य धरावे, हे त्या तरुणाने लिहावयाचे राहून गेले होते. धडा न करता तोलले गेले. पारड्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे जे काही दाणे उरले असतील, ते नव्या मालाबरोबर मोजले जात होते.

वाचक विचारील, मग पेढीवरच्या जुन्या संगणकावर इतकी वर्षे बिल बरोबर कसे आले? येथेच सारी मेख आहे. वखारवाला नव्या कुळाला खोली देतो तेव्हा ती झाडून, पुसून देतो. एका सॉफ्टवेअरचे गुपित दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून विंडोजची ही पद्धत पक्की आहे. परंतु खोली ताब्यात दिल्यानंतर आतला कोपरा प्रत्येक बिलानंतर झाडण्यास तो येत नाही. दोन बिलांच्या मध्ये छपाई होते, पडद्यावर चौकटी उमटतात, आणि त्या कामासाठी ऑपरेटिंग सिस्टीमचे स्वतःचे भाग त्याच खोलीतील तात्पुरती जागा वापरून जातात. जाताना ते मागे काय ठेवून जातील, याचा कोठे करार नाही. एक्सपीवर छपाई आटोपली की आमच्या त्या जागेत योगायोगाने शून्य उरत असे. म्हणून बिल बरोबर येई. विंडोज ७ मध्ये छपाईचे काम निराळ्या रीतीने होई, त्या जागेला कोणी शिवतच नसे, आणि म्हणून आधीच्या बिलाचे अठ्ठावन्न किलो तेथे तसेच बसून राहात. पुढच्या, बारदान नसलेल्या मालातून तेच अठ्ठावन्न वजा होत. विंडोज १० वर त्या जागेत कसल्यातरी अंतर्गत पत्त्याचा तुकडा पडून राही. आकडा म्हणून वाचल्यास तो इतका प्रचंड होई की बिलावरच्या आठ अक्षरांच्या चौकटीत मावत नसे. तो शेजारच्या जागेवर सांडे, आणि पहारा हे पाहून सॉफ्टवेअर तत्काळ बंद करून टाकी.

चूक एकच, पहिल्या दिवसापासूनची. एकीकडे ती झाकली गेली, दुसरीकडे तिने खोटे वजन दाखविले, तिसरीकडे ती धडाम् करून पडली. यांतील कोणती परिस्थिती बरी, असे मला कोणी विचारले तर मी पडणारी पत्करीन. बंद पडलेले दुकान दिसते तरी. बिलात वजन कमी लागले तर तक्रार घेऊन कोणते गिऱ्हाईक पेढीवर येणार आहे? आमची सातही गिऱ्हाइके गप्प होती.

हा शोध आम्ही लावला नाही. चिरंजीवांच्या परिचयाचा एक अभियंता उन्हाळ्याच्या सुटीत गावी आला होता. दुकानातील संगणक का बंद पडतो एवढेच पाहण्यास त्याला बोलाविले होते. त्याने आमच्याकडून तीन दिवस एकच काम करवून घेतले: प्रत्येक वेळी बंद पडण्यापूर्वी नेमके काय भरले आणि काय भरले नाही, ते कागदावर लिहावयाचे. तिसऱ्या दिवशी कागदावरून दिसून आले की, बारदानाची जागा रिकामी असेल तरच पडते. तेथे हाताने शून्य भरले तर पडत नाही. मग तो सहज म्हणाला, "काका, हाच प्रयोग गोदामातल्या संगणकावर करून पाहू या." तेथे शून्य भरताच पन्नास क्विंटलांचे पन्नास क्विंटल आले. माझ्या हातातील कागद तेव्हा थरथरत होता, हे मी प्रांजळपणे लिहितो.

असे चमत्कार केवळ आमच्यासारख्या लहान पेढीच्या घरगुती सॉफ्टवेअरमध्येच होतात, असे नाही. विंडोज ९५ बाजारात आली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या सुमारास सिमसिटी नावाचा नगररचनेचा एक खेळ फार लोकप्रिय होता. त्या खेळात एक चूक होती: स्मृतीतील जागा परत केल्यानंतरही तो तीच पुन्हा वाचीत असे. खोली सोडल्यावर विसरलेला डबा आणावयास मागच्या दाराने शिरावे, तसे. जुन्या विंडोजमध्ये सोडलेली खोली लगेच दुसऱ्यास दिली जात नसल्यामुळे डबा जागच्या जागी सापडे. नव्या व्यवस्थेत तसे होईना आणि खेळ पडू लागला. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी काय करावे? सिमसिटी चालू आहे असे दिसले की स्मृती परत घेण्याची रीत तेवढ्यापुरती बदलावी, अशी खास सोय विंडोजमध्येच करून ठेविली. ही गोष्ट जोएल स्पोल्स्की या प्रसिद्ध संगणक-लेखकाने लिहून ठेवली आहे. गिऱ्हाईक दोष नव्या मालालाच देणार, हे त्या कंपनीस पुरते ठाऊक होते. आजही विंडोजमध्ये 'कंपॅटिबिलिटी मोड' म्हणून जी सोय मिळते ती याच जातीची आहे. ती जुन्या सॉफ्टवेअरला आपण जुन्याच व्यवस्थेत आहोत असे भासविते आणि जुने काही रिवाज पाळून दाखविते. अडल्या वेळी ती जरूर वापरावी. परंतु चूक तिने दुरुस्त होत नाही, झाकली जाते.

दुसरा प्रकार वह्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखा आहे. एक्सपीच्या काळात पुष्कळ सॉफ्टवेअरे आपला हिशेब 'प्रोग्रॅम फाइल्स' नावाच्या कप्प्यातच साठवीत. तो कप्पा वास्तविक यंत्रसामग्री ठेवण्याचा, वह्या ठेवण्याचा नव्हे. पण तेव्हा बहुतेक जण संगणक पूर्ण अधिकाराने वापरीत, म्हणून कोणी अडवीत नसे. २००७ च्या जानेवारीअखेरीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकाराने तेथे लिहिण्यास बंदी झाली. आता बंदी मोडली म्हणून सगळी जुनी सॉफ्टवेअरे बंद पाडली तर बोंब होईल. म्हणून एक युक्ती योजिली गेली. सॉफ्टवेअरला वाटावे की आपण जुन्याच जागी लिहीत आहोत, परंतु लिखाण प्रत्यक्षात ज्याच्या नावाने संगणक उघडला असेल त्याच्या खाजगी कप्प्यात गुपचूप साठवावे. परिणाम असा की, मुलाच्या नावाने संगणक उघडला तर एक खतावणी दिसावी आणि गुमास्त्याच्या नावाने उघडला तर दुसरी. दोन्ही अपुऱ्या, आणि बापलेकांनी एकमेकांवर ओरडावे! सॉफ्टवेअर मात्र कोठेच पडलेले नसते. ज्यांची जुनी सॉफ्टवेअरे अद्याप चालू आहेत त्यांनी आपला हिशेब प्रत्यक्षात कोठे साठतो, हे जाणकाराकडून एकदा पाहून घ्यावे. त्याच कप्प्याची नक्कल आपण बाहेर घेतो आहोत की रिकाम्या कप्प्याची, हेही त्यात कळून येईल.

डॉसच्या काळातील सॉफ्टवेअरे ज्यांच्याकडे असतील त्यांचा प्रश्न सोपा आहे, म्हणजे वाईट पण सरळ आहे. सोळा बिटांच्या त्या जुन्या बांधणीची सॉफ्टवेअरे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळीच उघडत नाहीत. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ चौसष्ट बिटांचीच आहे. तेथे चुकीचा प्रश्न नाही, दारच लहान केलेले आहे. कधी कधी तर ऑपरेटिंग सिस्टीम तीच राहून केवळ यंत्र वेगवान झाल्यानेही घात होतो. टर्बो पास्कल या भाषेतील पुष्कळ सॉफ्टवेअरे सुरू होताच यंत्राचा वेग मोजीत आणि त्यावरून भागाकार करीत. १९९७-९८ च्या सुमारास संगणक इतके वेगवान झाले की भागाकाराचे उत्तर नेमलेल्या जागेत मावेना, आणि ती 'रनटाइम एरर २००' म्हणून पहिल्याच पावलाला कोसळू लागली. माल तोच, गाडी फार जलद.

आपल्या लिपीशी निगडित असे एक उदाहरण फार उद्बोधक आहे. २०१८ सालच्या फेब्रुवारीत ॲपल कंपनीच्या आयफोनवर तेलुगू लिपीतील 'ज्ञा' या अक्षराच्या एका विशिष्ट रूपाचा संदेश आला की ते पत्र-सॉफ्टवेअर पडे, आणि पुन्हा उघडावयास जावे तर पुन्हा पडे. हे ११.२.५ या आवृत्तीवर होई. त्याच वेळी चाचणीसाठी दिलेल्या ११.३ वर तेच अक्षर निमूट उमटे. मोझिला येथील अभियंता मनीष गोरेगावकर यांनी या कोड्याची चिकित्सा करून दाखविले की, दोष एकट्या तेलुगूपुरता नव्हता. बंगाली आणि आपली देवनागरीही त्याच्या कचाट्यात होत्या. देवनागरीत व्यंजनाला 'र' जोडावा, जसे 'प्र', त्यानंतर अक्षरे परस्परांत मिसळू नयेत म्हणून वापरले जाणारे एक अदृश्य चिन्ह घालावे, आणि वर स्वरचिन्ह द्यावे. एवढ्यानेही तो दूरध्वनी गारद होई. आपल्या लिप्यांत अक्षरे एका ओळीत नुसती ठेवून चालत नाही; ती जोडावी लागतात, काही खाली, काही मागे न्यावी लागतात. ही जुळणी सॉफ्टवेअर स्वतः करीत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम करून देते. त्या आवृत्तीतील जुळाऱ्याला ही विशिष्ट जोडणी आली की पुढे काय ठेवावे हेच सुचत नसे. ॲपलने १९ फेब्रुवारीस ११.२.६ काढून दोष दूर केला. येथे चूक कुळाची नव्हती, वखारवाल्याची होती. तसेही होते, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर वाचक दर वेळी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचीच मान धरावयाचे.

आणि १९ जुलै २०२४ चा शुक्रवार तर आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशी विमानतळांवर हाताने लिहिलेले प्रवेशपत्र घेऊन लोक विमानात बसले. इंडिगोसारख्या आपल्याकडील कंपन्यांनाही तसे करावे लागले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने सकाळी पावणेदहाच्या सुमारास, आपल्या घड्याळाप्रमाणे, एक नवी माहिती-फाइल जगभर पाठविली. त्या माहितीत एकवीस रकाने वाचावयाचे होते. सॉफ्टवेअर मात्र वीसच रकाने भरून देत असे. एकविसावा रकाना वाचण्यास गेले, ते भिंतीपलीकडे. आमच्या बिलाप्रमाणेच, जेथे आपले काही ठेवलेले नाही तेथून वाचणे. परंतु आमचे सॉफ्टवेअर बाहेरच्या खोलीत होते, म्हणून ते एकटेच पडले. हे पहारेकऱ्याचे सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात बसलेले. तेथे चूक झाली की वखार सगळीच बंद करावी लागते. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले. दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेण्यात आली; परंतु पडलेले संगणक एकेक हाताने उठवावे लागले. ॲपलच्या आणि लिनक्सच्या संगणकांना ही फाइल लागूच नसल्याने ते सुखरूप राहिले, आणि विंडोजमध्येही ७ ही जुनी आवृत्ती असलेल्यांना तिची बाधा झाली नाही. यावरून जुने तेच चांगले, असा सोयीचा अर्थ कोणी काढू नये. पाठिंबा संपलेल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये चोरांना ठाऊक झालेली दारे कोणी बुजवीत नाही. आणि आपल्या वह्या, बँकेची खाती व कराची विवरणपत्रे आज त्याच पेटीतून जातात.

तेव्हा संगणक बदलणे भागच आहे. कसे बदलावे, याविषयी ठेच खाल्लेल्या माणसाचे चार अनुभव सांगतो. मार्च महिन्यात किंवा कराचे विवरणपत्र भरण्याच्या आठवड्यात बदलू नये, हे तर उघडच आहे. जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नये. आम्ही हल्ली एक पुरा महिना दोन्ही शेजारी शेजारी चालवितो आणि तीच बिले दोन्हींवर भरून तेरीज ताडून पाहतो. हे करताना नेहमीची सरळ बिले भरून काही कळत नाही. जागा रिकामी सोडावी, शून्य भरावे, फार मोठा आकडा भरावा, लांबलचक नाव भरावे, वर्षाची शेवटची तारीख भरावी. ज्या नावाने गुमास्ता संगणक उघडतो त्याच नावाने उघडून पाहावे. मालकाच्या अधिकाराने सर्व काही चालते आणि त्याच्याच भरवशावर मनुष्य फसतो. सॉफ्टवेअर करून देणाऱ्यास दूरध्वनी करताना "चालत नाही" एवढेच सांगितले तर तो बिचारा काय करणार? कोणत्या संगणकावर पडते आणि कोणत्यावर पडत नाही, हीच त्याला लागणारी खूण. विंडोजचे बटण आणि 'आर' एकदम दाबून येणाऱ्या चौकटीत 'विनव्हर' हा शब्द इंग्रजी अक्षरांत भरला की आवृत्तीचा पूर्ण क्रमांक पडद्यावर येतो. तो उतरून घ्यावा, आणि पडण्यापूर्वी काय भरले होते तेही. एकावर पडते आणि दुसऱ्यावर पडत नाही, याचा अर्थ दुसऱ्यावर ते निर्दोष आहे, असा मात्र करू नये. आमच्या पेढीवरचा एक्सपी आम्ही निकषाचा दगड मानला, आणि त्यानेच आमची दिशाभूल केली.

त्या तरुणाने, ज्याने मूळ सॉफ्टवेअर केले होते, चूक कळताच दुसऱ्याच दिवशी एका ओळीची दुरुस्ती करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. सात गिऱ्हाइकांपैकी पाच जणांनी कागद पाहून फरकाची रक्कम चुकती केली. उरलेल्या दोघांकडे मी मागितली नाही. माझाच हिशेब कच्चा होता.

राहता राहिले मुनीमजी. ज्या दिवशी गोदामात पन्नासाचे पन्नास आले त्याच संध्याकाळी मी ती सात बिले आणि अभियंत्याने लिहिलेला कागद घेऊन गोडादऱ्यात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसावयास सांगितले, वहिनींनी पाणी आणून दिले. मी काय झाले ते सर्व सांगितले आणि क्षमा मागितली. ते काही बोलले नाहीत. चष्मा लावून त्यांनी सातही बिले एकेक करून पाहिली, मग उठून कपाटातून एक लाल कापडाची वही काढून माझ्यापुढे ठेविली. गोदामातून जाणाऱ्या प्रत्येक मालाचे काट्यावरचे वजन आणि बारदान ते पूर्वीपासून आपल्या हाताने त्या वहीत टिपून ठेवीत. सातही नोंदी तेथे होत्या, बरोबर होत्या. बारदानाच्या रकान्यात स्वच्छ शून्य काढलेले होते.

"मुनीमजी, ही वही आपण तेव्हाच का दाखविली नाही?" मी विचारले.

"शेठ, आपण किल्ल्या मागितल्या. वही मागितली नाही," ते म्हणाले.

किल्ल्या मी बरोबरच नेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला त्यांनी गोदाम उघडले. पुढे २०२२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा ती वही त्यांनी गोदामात ठेवून दिली. संगणकाच्या शेजारी तिची जागा आहे, आणि नवा गुमास्ता तीत काट्यावरची वजने लिहितो.